स्टिअरिंगवर कुणीतरी बसायला हवं

गाडीचं पुढचं डावं चाक जॅकवर हवेत होतं आणि मिस्त्री ते दोन्ही हातांनी धरून आडवं हलवत होता. एक हात चाकाच्या पुढच्या कडेला, दुसरा मागच्या. ढकलायचं, ओढायचं, पुन्हा ढकलायचं. चाक घट्ट होतं. त्याने जॅक उतरवला, उजवीकडे नेऊन लावला आणि तिथेही तेच केलं. तिथेही काही सापडलं नाही.

पायरीवर लेकीची खोकी रचून ठेवली होती. कपडे, भांडी, एक गुंडाळलेली गादी. लेक दारात उभी राहून बघत होती. तिची नजर मिस्त्रीला पाठीवर जाणवत होती.

सकाळी त्याने गाडी एक चक्कर फिरवून आणली होती. पुलापलीकडच्या खड्ड्यात त्याच्या हाताला काहीतरी लागलं. आवाज म्हणावा असा नाही. स्टिअरिंगच्या आतून कुणी टिचकी मारावी तसं, एकदाच. गाडी मागे घेऊन त्याने ती पुन्हा त्याच खड्ड्यातून नेली, तेव्हा लागलं नाही. तिसऱ्यांदा नेली, तेव्हा लागल्यासारखं वाटलं. वाटलं की खरंच लागलं, हे त्याला शपथेवर सांगता आलं नसतं.

लेकीला घाटाखालच्या शहरात पाण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. काम फिरतीचं. डोंगरातल्या टाक्यांवर जायचं, बाटल्यांत पाणी भरून आणायचं, तपासायचं. तिकडे बस जात नाही, म्हणून स्वतःची गाडी असणाऱ्यालाच ती जागा होती. गाडी तिच्या आईची होती. रुजू व्हायची तारीख तिने विनवण्या करून दोनदा पुढे ढकलून घेतली होती. उद्या सकाळी हजर नसेल तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावू, असं साहेबांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

आणि तारीख दोन्ही वेळा पुढे ढकलावी लागली ती मिस्त्रीमुळे. पहिल्यांदा तो टायर बघून नको म्हणाला. टायर खरंच गेले होते, त्यात कुणाची तक्रार नव्हती. दुसऱ्यांदा म्हणाला बॅटरी बसली आहे, घाटात गाडी बंद पडली तर काय करशील. लेकीने बॅटरी काढून दुसऱ्या दुकानात नेली. तिथल्या माणसाने मीटर लावला आणि विचारलं, चांगली बॅटरी कशाला बदलताय? ती घरी आली, बॅटरी होती तिथे ठेवली आणि बापाला एवढंच म्हणाली की तिचा आकडा उत्तम आला. बॅटरी चांगली आहे हे त्याला आधीच माहीत होतं.

बायको गेल्या थंडीत गेली. तेव्हापासून घरात दोघंच होती. उद्यापासून एकच राहणार होता.

म्हणून आज सकाळी तो गाडी घेऊन परत आला आणि स्टिअरिंगमध्ये काहीतरी आहे म्हणाला, तेव्हा लेकीने कपाळाला हातसुद्धा लावला नाही. ती फक्त म्हणाली, "बाबा, दुपारपर्यंत काय ते शोधा. नाही सापडलं तर मी निघणार."

सापडत नव्हतं.

आता खरी गोष्ट अशी की स्टिअरिंगची तपासणी ही एकट्याने करायची गोष्टच नाही. गाडी चाकांवर उभी पाहिजे, तिचं वजन सांध्यांवर पाहिजे. एकाने सीटवर बसून स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे असं हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्याला हात लावायचा. स्टिअरिंगची दांडी दोन्ही टोकांना एकेका रॉडला जोडलेली असते, आणि त्या सांध्यात वाटीत गोळी बसवलेली असते. गोळी सैल झाली की हाताला कळते. डोळ्याला दिसत नाही, कारण वर रबराचा बूट असतो. चाक हवेत उचललं तर रॉड लोंबतो, गोळी वाटीच्या कडेला टेकून गप्प बसते आणि तपासणारा फसतो.

हे मिस्त्रीला कळत नव्हतं असं नाही. सगळा जन्म त्याने असंच केलं होतं. पण सीटवर बसायची ती बायको. हातातलं काम टाकून यायची, बसायची, आणि सांगावं लागायचं नाही, बोटभरच हलवायची. ती गेल्यावर गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री, आम्ही बसतो की. तो म्हणायचा, गरज नाही. आणि जॅक लावून एकट्याने चाकं हलवून गाड्या पास करायचा. नशिबाने आजवर कुठली अंगाशी आली नव्हती.

मामा आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मामा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, सगळा जन्म ट्रक चालवलेला, आता घरी बसलेला, आणि बसल्यामुळे तोंडाला जास्तच काम असलेला. भाचीला निरोप द्यायला तो स्कूटरवरून आला होता. आल्या आल्या त्याने जॅक बघितला, खोकी बघितली, भाचीचा चेहरा बघितला आणि त्याला सगळं कळलं.

"काय भाऊजी, आज काय निघालं? सायलेन्सर की काच?"

मिस्त्रीने स्टिअरिंगचं सांगितलं. मामा म्हणाला की ही गाडी त्याच्या ताईची, ताईने तिला पोरीसारखं जपलंय, तिला काही होणार नाही. तरी मन राखायला तो बघतो म्हणाला. मिस्त्री नको म्हणेपर्यंत तो सीटवर बसलासुद्धा होता.

त्या सीटवर मामाचं जाड अंग बघून मिस्त्रीला कसंसंच झालं. पण लेक बघत होती. तो गाडी जॅकवरून उतरवून खाली शिरला.

मामाने ट्रकवाल्याच्या रीतीने काम केलं. इंजिन चालू केलं आणि स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत गरगर फिरवलं. पुन्हा परत. इंजिनाच्या थरथरीत मिस्त्रीच्या हाताला काही कळेना. आणि एवढं फिरवलं की गोळी एका बाजूला दाबून धरली जाते, मोकळी राहतच नाही. तो खालून ओरडला, थोडं, थोडं हलव. मामाला वाटलं, जोरात फिरव म्हणतायत. त्याने अजून जोर लावला.

मिस्त्री बाहेर आला. कपडे झटकत उभा राहिला.

"लागलं काही?" लेकीने विचारलं.

तो खोटं बोलू शकला असता. पण बॅटरीनंतर ते तोंड उरलं नव्हतं. तो नाही म्हणाला.

मामाने हात झटकले. म्हणाला, "भाऊजी, गाडीत काही नाही. जे आहे ते तुमच्या मनात आहे, आणि त्याला पाना लागत नाही." त्याने ते हसत म्हटलं, पण हसू कुणालाच आलं नाही.

मग सगळं भराभर झालं. मामाने खोकी उचलली, मागच्या सीटवर आणि डिकीत कोंबली. लेक आत जाऊन आईच्या फोटोसमोर क्षणभर थांबली आणि बाहेर आली. बापाच्या पाया पडली. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, हळू चालव असं. ती गाडीत बसली. मामाने फाटक उघडलं.

फाटकाबाहेर गटारावर फरशी टाकलेली होती, एका कडेला जरा खचलेली. भरलेली गाडी तिच्यावरून गेली. पुढची चाकं धप्प पडली. आणि त्या धप्पच्या मागोमाग, अगदी लगेच, एक छोटा टक्क असा आवाज आला.

मिस्त्री पळाला. साठीतला माणूस, गुडघे कुरकुरणारे, पण पळाला आणि गाडीपुढे जाऊन बॉनेटवर दोन्ही हात टेकून उभा राहिला.

लेकीने ब्रेक दाबला. काच खाली केली. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"बाबा, बाजूला व्हा."

"आवाज आला."

"मला नाही आला. मामा, तुला आला?"

मामा फाटकाशी उभा होता. त्याने मान हलवली. नाही. आणि तो मिस्त्रीकडे अशा नजरेने बघू लागला, जशी माणसं आजाऱ्याकडे बघतात.

रस्त्यात गाडी आडवी उभी होती. मागून आलेला सायकलवाला वळसा घालून गेला, जाता जाता दोघांकडे बघून गेला. मिस्त्रीला कळत होतं की आपण लांडगा आला रे आला करणारे झालो आहोत. आता काहीही सांगितलं तरी तिच्या दृष्टीने ती बॅटरीच. शब्दाला किंमत उरली नव्हती. तो बॉनेटवरचे हात न काढता विचार करत राहिला, आणि मग एकदम त्याला सुचलं.

"तू खाली जा," तो म्हणाला. "मी वर बसतो."

"म्हणजे?"

"तू हात लावून बघ. मी नुसतं हलवतो. तुला काही लागलं तर सांग. नाही लागलं तर मी बाजूला होतो, आणि परत तुझ्या गाडीपुढे येणार नाही."

लेक त्याच्याकडे बघत राहिली. ती गॅरेजच्या आवारातच वाढली होती, पण गाडीखाली कधी गेली नव्हती. आईने जाऊ दिलं नव्हतं. शेवटी तिने इंजिन बंद केलं, गाडीतून उतरली, मागच्या सीटवरून एक जुनी चादर ओढून काढली आणि जमिनीवर अंथरली. एवढंच म्हणाली, "कुठल्या बाजूला?"

"दोन्ही. कुठल्या बाजूला ते मी सांगणार नाही."

त्याने तिला समजावलं. चाकाच्या आतल्या बाजूला रॉड दिसेल, त्याच्या आतल्या टोकाशी घड्यांचा रबरी बूट. त्याच्या मुळाशी हात ठेवायचा. दाबायचा नाही, नुसता ठेवायचा. ती खाली शिरली. मामा म्हणाला, पोरगी प्रवासाच्या कपड्यात मातीत लोळतेय, ताई असती तर दोघांची चामडी सोलली असती.

मिस्त्री सीटवर बसला. किल्ली एवढीच फिरवली की स्टिअरिंगचं कुलूप सुटावं. मग दोन्ही हात ठेवून स्टिअरिंग बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे हलवायला लागला. हळू, एका लयीत.

त्याचा संशय डाव्या बाजूवर होता. सकाळी टिचकी डाव्या हाताला लागली होती. लेक आधी डावीकडेच गेली.

"काही नाही," खालून आवाज आला.

मिस्त्री हलवत राहिला. डावीकडे नसेल तर मग कुठे असणार? मामाचं बरोबर असेल. बायको गेल्यापासून आपलं डोकं ठिकाणावर नसेल, आणि हातही. सांधा सैल निघावा असं त्याला वाटत होतं की निघू नये असं, हे त्याला त्या घटकेला धड सांगता आलं नसतं. निघाला तर लेक थांबेल. निघाला तर इतके दिवस ती त्याच गाडीतून गावात फिरत होती.

खाली सरकल्याचा आवाज झाला. ती उजव्या बाजूला गेली. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"पुन्हा," ती म्हणाली.

तो हलवतच होता.

"हळू. अजून हळू." मग थोड्या वेळाने, वेगळ्याच आवाजात, "बाबा, हे काय आहे?"

"काय लागतंय?"

"तुम्ही फिरवता तेव्हा आधी काहीच होत नाही. मग आतून ठोका बसतो, आणि मग रॉड हलतो. डावीकडे असं नाही."

मिस्त्रीने हात थांबवले. त्याला एवढं हायसं वाटलं की डोळे भरून आले, आणि पाठोपाठ घाट आठवला. फाटकापासून घाटाचं पहिलं वळण फार लांब नव्हतं.

मामाला खरं वाटेना. तोही खाली शिरायला गेला, पोट अडकलं, भाचीने पाय धरून त्याला आत ढकललं. मिस्त्रीने पुन्हा स्टिअरिंग हलवलं, मामाने हात लावला. बाहेर आला तेव्हा त्याची चेष्टा कुठल्या कुठे गेली होती.

"अरे, हे तर आतून दार ठोठावतंय," तो हळूच म्हणाला. जरा वेळाने म्हणाला, "भाऊजी, मी मघाशी चुकीचं फिरवलं का?" मिस्त्री म्हणाला, तुझा दोष नाही, मी आधी सांगायला हवं होतं.

गाडी ढकलून पुन्हा आत घेतली. मग मामानेच तो प्रश्न काढला. आज सुट्टी, पार्टची दुकानं बंद. या जुन्या गाडीचा सांधा मिळणार कुठे? उद्या दुकान उघडेपर्यंत पोरीची नोकरी गेलेली असेल.

लेक चादर झटकत होती. ती थांबली. तिने मिस्त्रीकडे बघितलं.

मागच्या खोलीत वरच्या फळीवर, फॅनबेल्टच्या मागे, असल्याच गाडीच्या आतल्या सांध्यांची एक कोरी जोडी होती, बुटांसकट. एका गिऱ्हाइकासाठी आणली होती, त्याने गाडीच विकून टाकली. ती तिथे आहे हे आता फक्त मिस्त्रीला माहीत होतं. तो काही बोलला नसता तर कुणालाच कळलं नसतं. खोटंसुद्धा बोलावं लागलं नसतं. नुसतं गप्प राहिलं असतं की झालं. दोष पार्टचा, सुट्टीचा, नशिबाचा. लेक घरी राहिली असती, संध्याकाळी दोघांचा स्वयंपाक झाला असता.

तो गप्प राहिला. मामाने डोकं खाजवलं. लेक अजून त्याच्याकडेच बघत होती. काही मागत नव्हती, नुसती वाट बघत होती.

"आहे," मिस्त्री म्हणाला. "फळीवर आहे."

तो आत गेला आणि घेऊन आला.

काम तसं लांबलचक नव्हतं, पण जीव काढणारं होतं. गाडी स्टँडवर चढवली, चाक काढलं. बाहेरच्या, चाकाकडच्या सांध्याचा नट सोडवून हातोडीचे दोन टोले घातले, तो निसटला. रॉडवरून तो फिरवून काढताना किती फेरे लागले ते लेकीने मोठ्याने मोजले, म्हणजे परत तेवढेच बसवता यावेत. मग बुटाची क्लिप कापली. बूट मागे सरकवला, तेव्हा ग्रीसऐवजी तांबडं पाणी गळलं. बुटाच्या घडीत बारीक चीर गेली होती, बाहेरून न दिसणारी.

आतला सांधा मात्र सुटेना. गंजून बसला होता. दांडी पिरगळली तर तिचे दाते जातील, मग आज काय, महिनाभर गाडी उभी राहील. म्हणून दांडी एका पान्याने घट्ट धरायला माणूस लागतो. लेकीने धरली. मिस्त्रीने दुसऱ्या पान्यात पाइप घालून भार टाकला. पाना सटकला, त्याच्या बोटांची सालं निघाली. दांडी हलली का, त्याने विचारलं. नाही, ती म्हणाली. दातओठ खाऊन तिने दोन्ही हातांनी धरलं होतं. मामा मागून म्हणाला, मी धरतो. दोघांनीही त्याला नको म्हटलं. दुसऱ्यांदा भार टाकल्यावर सांधा कचकन् सुटला.

मिस्त्रीने जुना सांधा एका हातात आणि नवा दुसऱ्या हातात धरून तिच्यापुढे केला. नव्याचा रॉड जिथे वाकवाल तिथे ताठ उभा राहत होता. जुन्याचा नुसता लोंबत होता, मोडलेल्या मानेसारखा. तिने तो घेतला, एकदा हलवून बघितला आणि खाली ठेवून दिला.

नवा बसवला, आवळला, ग्रीस भरलं, नवा बूट चढवला. मोजलेले फेरे फिरवून बाहेरचा सांधा जागेवर आणला. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाक सरळ आहे का ते बघितलं. ऊन कलायला लागलं होतं.

मिस्त्रीचा नियम होता की सांधे जोडीने बदलायचे. दुसरा नवा सांधा हातातच होता. पण डावीकडचं काम काढलं असतं तर अंधार पडला असता, आणि अंधारात तिला घाट उतरू द्यायला तो तयार झाला नसता. हे दोघांनाही ठाऊक होतं.

"डावा चांगला आहे," लेक म्हणाली. "मी हात लावून बघितलाय."

त्याने हातातल्या सांध्याकडे बघितलं.

"तुम्ही बघा. मी बसते," ती म्हणाली.

ती सीटवर बसली. तो खाली झोपला, डाव्या बुटावर हात ठेवला. ती हलवायला लागली. बोटभर डावीकडे, बोटभर उजवीकडे. सांगावं लागलं नाही. मिस्त्री गरजेपेक्षा जास्त वेळ खाली राहिला. सांधा घट्ट होता. जागच्या जागी होता. मग तो सरकून उजवीकडे गेला, तिथेही घट्ट होता. बाहेर येऊन त्याने दुसरा नवा सांधा कागदात गुंडाळला आणि गाडीच्या कप्प्यात ठेवला. म्हणाला, पुढच्या खेपेला आलीस की बदलू.

घाटाच्या तोंडापर्यंत मी बरोबर येतो, तो म्हणाला. ती नको म्हणाली नाही. मामा मागून स्कूटर घेऊन निघाला.

लेक गाडी चालवत होती आणि मिस्त्री शेजारी बसला होता, पुढच्या सीटवरचं एक खोकं मांडीवर घेऊन. पुलापलीकडचा खड्डा आला. ती त्याला चुकवू शकली असती. चुकवला नाही. चाक आपटलं. मिस्त्रीचे कान टवकारले, पण शेजारच्या सीटवर बसून काय कळणार. स्टिअरिंग तिच्या हातात होतं.

"काही लागलं?"

तिने पुढे एक वळण घेतलं, दुसरं घेतलं, मुद्दाम कडेच्या उखडलेल्या डांबरावर गाडी घातली.

"नाही," ती म्हणाली.

"नक्की?"

"बाबा, हात माझा आहे. मी सांगतेय ना."

घाटाच्या तोंडाशी रस्ता रुंद होतो, तिथे तिने गाडी बाजूला घेतली. मिस्त्री खोकं सीटवर ठेवून उतरला. दार लावलं. त्याला अजून पुष्कळ सांगायचं होतं. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहू नकोस, गिअर खाली घे, पोचलीस की फोन कर. त्यातलं त्याने काहीच सांगितलं नाही. खिडकीवर हात ठेवला आणि काढून घेतला.

"जा," तो म्हणाला. "उजेड आहे तोवर उतर."

ती गेली. मामा स्कूटर घेऊन आला आणि बसा म्हणाला. मिस्त्री म्हणाला, जरा थांब, खालच्या वळणावर गाडी दिसेल. ती दिसली, आपल्या बाजूने, सावकाश. मग त्याच्या खालच्या वळणावर दिसली. तिसऱ्या वळणावर झाडं होती, तिथे काही दिसलं नाही. मामाने स्कूटरचं इंजिन बंद केलं. मग सगळ्यात खाली, जिथे रस्ता सपाटीला लागतो, तिथे ती पुन्हा दिसली, एवढीशी, आणि सरळ निघून गेली.

तेव्हा मिस्त्री स्कूटरवर बसला.